भंगारातल्या एलईडी-ट्रान्झिस्टरचा लाईट सेन्सर केला, पण दिवस मावळताना रिले टकटक करायलाय: काय काय बघावं

शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यावर नाहीतर दारातल्या खांबावर जो ऑटोमॅटिक लाईटचा स्विच असतो त्यातला एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो पार्ट) मरतो आणि लाईट दिवसाढवळ्या चालू राहते. पहिले एक-दोन पाऊस झाले की ही तक्रार हमखास येते. स्वस्तातल्या स्विचमधे एलडीआरवर नुसता प्लास्टिकचा पातळ थर असतो, उन्हाळाभर तापून तो तडकतो, मग ओल आत शिरते आणि कॅडमियम सल्फाईडचा तो नागमोडी पट्टा कामातून जातो. रेझिस्टन्स वर जाऊन बसतो आणि सर्किटला वाटतं अजून रात्रच हाय.

आता तालुक्याच्या गावाला एलडीआर लगेच मिळंलच असं नाही, आणि घरात बंद पडलेले रिमोट, जुना बॉलवाला माऊस, जळालेला अँप्लिफायर, बॅटरी मेलेली सोलर गार्डन लाईट हे सगळं पोत्यात पडलेलं असतंय. त्यातून उजेड ओळखणारा पार्ट निघतो, एक नाही चार-पाच तऱ्हेचे निघतात. डायोड असो का ट्रान्झिस्टर, आतल्या जंक्शनवर (दोन थर जुळतात त्या जागेवर) उजेड पडला की थोडा का होईना करंट तयार होतोच, म्हणून तर कंपनीवाले त्याला काळ्या प्लास्टिकमधे नाहीतर पत्र्याच्या टोपीत झाकून ठेवतात. मुलार्ड कंपनीचा ओसी७१ नावाचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत यायचा, वरून काळा रंग दिलेला. त्याचाच उजेड ओळखणारा भाऊ ओसीपी७१ महाग होता, म्हणून लोकं साध्या ओसी७१ चा रंग खरवडून काम भागवायचे, शेवटी कंपनीनं आतमधे अपारदर्शक लुकण भरायला चालू केलं. आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही, २०१५ मधे रास्पबेरी पाय २ नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आला तेव्हा कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश मारला की बोर्ड बंद पडायचा, कारण पॉवरची एक चिप उघडीच होती, वर प्लास्टिकचं कवच नव्हतं.

तर पार्ट मिळतो. खरी बोंब पुढं असते. एलडीआर काढला, त्याच जागी एलईडी नाहीतर फोटोट्रान्झिस्टर (माऊसमधला उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर) डकवला आणि मग एकजण म्हणतो लाईट लागतच नाही, दुसरा म्हणतो विझतच नाही, तिसऱ्याचा रिले (लाईट चालू-बंद करणारा कॉईलचा स्विच) मावळतीला अर्धा तास टकटक टकटक करायलाय, आणि चौथ्याचं दिवाळीत झकास चालत होतं ते मे महिन्यात बिघडलं. सगळ्यांचा एकच निष्कर्ष, "भंगारातला पार्ट, खराबच असंल." माझं म्हणणं उलट हाय. पार्ट बहुतेक वेळा चांगला असतो, भोवतालचं सर्किट एलडीआरसाठी केलेलं असतं आणि ते ह्या नव्या पार्टला जुळत नाही. म्हणून पार्ट बदलत बसू नका, आधी खालचं बघा.

पार्ट जिवंत हाय का मेलेला ते मीटरवर दोन मिनिटात कळतं. लाल एलईडी घ्या, मीटर डीसी २ व्होल्टवर किंवा २० व्होल्टवर ठेवा, एलईडी कडक उन्हात धरा, एक-दीड व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. सावलीत नेलं की खाली येतं. इथं एक गंमत हाय, व्होल्ट दिसतात भरपूर पण करंट नावालाच असतो, मायक्रोअँपमधे, त्यामुळं काट्याचा जुना मीटर लावला तर काटा हलायचाच नाही आणि तुम्ही चांगला एलईडी फेकून द्याल. स्वस्तातल्या पिवळ्या डिजिटल मीटरचा इनपुटपण बहुतेक १ मेगाओहमचाच असतो, तो उन्हात बरोबर दाखवतो पण खोलीतल्या उजेडात कमी दाखवतो. तवा मापायचं ते उन्हात मापा.

काळपट प्लास्टिकचा जो सेन्सर असतो, बॉलवाल्या माऊसमधला किंवा जुन्या प्रिंटरमधल्या कागद ओळखणाऱ्या खाचेतला, तो तपासताना सगळेजण मोबाईलची टॉर्च मारतात आणि म्हणतात मेला. तो मेलेला नसतो! मोबाईलची टॉर्च म्हणजे पांढरा एलईडी, त्यात इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा उजेड) जवळपास नसतंच, आणि काळं प्लास्टिक दिसणारा उजेड अडवून फक्त इन्फ्रारेड आत सोडतं. काडेपेटीची काडी ओढून समोर धरा, नाहीतर सरळ दारात ऊन्हात न्या, लगेच रीडिंग बदलंल. ह्या पार्टची ही खोड पुढं लई कामाला येणार हाय, लक्षात ठेवा.

२एन३०५५, म्हणजे अँप्लिफायरमधला तो पत्र्याच्या टोपीचा दोन पायाचा मोठा ट्रान्झिस्टर, ह्याची टोपी कापली की आतला सिलिकॉनचा चौकोनी तुकडा उघडा पडतो आणि बेस-कलेक्टर जंक्शन छोट्या सोलर सेलसारखं काम करतं, उन्हात अर्धा व्होल्ट आणि काही मिलिअँपपण देतं. पण जळालेला म्हणजे कसा जळालाय ते आधी बघायचं. मीटर डायोड मोडवर, बेस ते बॉडी (बॉडी म्हणजेच कलेक्टर). एका बाजूनं ०.५ ते ०.६ च्या घरात आणि उलट केलं की ओपन, असं आलं तर जंक्शन शाबूत हाय, एमिटरची तार उडालेली असली तरी आपल्याला काय घेणं नाही. बॉडी ते एमिटर दोन्हीकडून शॉर्ट दाखवत असंल तर मात्र आतला तुकडाच वितळलाय, त्याला कापून उपयोग नाही. आणि जास्तीत जास्त ट्रान्झिस्टर शॉर्टच होऊन जातात, त्यामुळं पोत्यातल्या प्रत्येकाकडून आशा ठेवू नका.

कापताना ट्रान्झिस्टर व्हाईसमधे उलटा धरा, टोपी खाली, म्हणजे हॅक्सॉचा भुगा आत पडत नाही. ब्लेड टोपीच्या वरच्या कडेजवळून फिरवा, बुडाशी घातलं तर आतली केसासारखी तार तुटते. तुकड्यावर पांढरट जेलीचा थेंब असला तर दाताच्या काडीनं हळू काढायचा, पिनेनं कोरायचं नाही. वरून काचेचा तुकडा सिलिकॉन सीलंटनं चिकटवा, इपॉक्सी भरू नका, आपल्या उन्हात ती पिवळी पडते. एक धोक्याचं: वायरलेस सेटमधले नाहीतर ट्रान्समीटरमधले आरएफ पॉवर ट्रान्झिस्टर ज्यात पांढरं सिरॅमिक दिसतं ते अजिबात कापायचे-फोडायचे नाहीत, त्यात बेरिलियम ऑक्साईड असू शकतं आणि त्याची भुकटी फुफ्फुसात गेली तर वाईट. घरात लेकरं असतात, एवढं सांभाळा.

आता बिघाडाकडं येऊ.

लाईट कायमची चालू नाहीतर कायमची बंद, उजेडाचा काहीच फरक नाही असं असंल तर पहिलं पाय उलटे का ते बघा. एलडीआरला उलटं-सुलटं नसतं, कसाबी लावा. एलईडी सेन्सर म्हणून वापरताना उलटा लावायचा असतो, म्हणजे कॅथोड (मायनसचा पाय) प्लसकडं. सुलटा लागला तर तो नुसता करंट सोडत बसतो आणि कधीकधी मिणमिणतो पण, त्यावरूनच ओळखू येतं. दुसरं, उलट्या दिशेनं एलईडी साधारण ५ व्होल्टपर्यंतच सांगितलेला असतो. १२ व्होल्टच्या सर्किटमधे उलटा ठोकला तर काही दिवस चालतो आणि मग गळायला लागतो. सेन्सरपुरतं ५ व्होल्टच द्या.

पाय बरोबर हायत तरीबी काही होईना, तर मग रेझिस्टर. एलडीआर उजेडात काही किलोओहमवर येतो म्हणून त्याच्याबरोबर १० के, ४७ के, १०० के असले रेझिस्टर असतात. एलईडीचा करंट मावळतीच्या उजेडात एक मायक्रोअँपच्याबी खाली जातो, १०० के वर त्याचं ०.१ व्होल्टबी होत नाही, ट्रान्झिस्टर काय डोंबल चालू होणार? इथं १० मेगाओहम लागतो, नाही मिळाला तर ४.७ चे दोन सिरीजमधे. आणि एकाच्या जागी तीन-चार एलईडी पॅरललमधे लावा, फुकटच हायत. फोटोट्रान्झिस्टर असंल तर त्यात स्वतःचं गेन (करंट वाढवायची ताकद) असतंय, १०० के ते ४७० के मधे जमतं.

कुणी कुणी एलएम३५८ हा ऑप-अँप आयसी लावून बघतात. तो ह्या कामाला नाही. त्याच्या इनपुटमधून स्वतःचाच साधारण ४५ नॅनोअँप करंट बाहेर येतो, १० मेगाओहमवर त्याचे ०.४५ व्होल्ट झाले, म्हणजे काळोखातबी सर्किटला थोडा उजेड दिसतोय असंच वाटणार. सीमॉस आयसी घ्या, त्याच्या इनपुटला करंट जवळपास नसतोच, सीडी४०१०६ आपलं स्वस्त आणि मस्त.

मावळतीची टकटक हा मोठा विषय, आणि तिची कारणं तीन वेगळी वेगळी असतात, ती एकात एक मिसळतात म्हणून माणूस गोंधळतो.

लाईट लागते, तिचाच उजेड सेन्सरवर पडतो, सेन्सर म्हणतो दिवस उगवला, लाईट विझते, परत अंधार, परत लागते. हे ओळखायला सोपं हाय: लाईटचा बल्ब काढून ठेवा आणि नुसत्या रिलेचा आवाज ऐका. टकटक थांबली तर हेच कारण. सेन्सरला दुसरीकडं तोंड करून पाईपच्या तुकड्यात बसवा हा झाला नेहमीचा उपाय, पण अरुंद ओट्यावर नाहीतर पत्र्याखाली ते जमत नाही, पांढऱ्या भिंतीवरून उजेड फिरून येतोच. तिथं तो काळ्या प्लास्टिकवाला इन्फ्रारेड सेन्सर लावा. दिवसाच्या उजेडात इन्फ्रारेड बक्कळ, एलईडी बल्बमधे जवळपास नाही, त्यामुळं लाईट तोंडासमोर लावली तरी त्याला ती दिसतच नाही. आधी मोबाईलची टॉर्च दिसत नाही म्हणून जो मेला म्हणत होता तोच इथं बहाद्दर निघतो. फक्त जुना पिवळा तारेचा बल्ब असंल तर हे चालणार नाही, त्यात इन्फ्रारेडच जास्त. रिमोटचा एलईडीपण चालतो, पण तो पारदर्शक असल्यामुळं थोडाफार दिसणारा उजेडबी पकडतो, काळ्याएवढा पक्का नाही.

दुसरं कारण, वेग. हे कुणी सांगत नाही. एलडीआर आळशी असतो, त्याला बदलायला दहा-वीस मिलिसेकंद किंवा जास्तच जातात, त्यामुळं बल्बचं फडफडणं त्याला कळत नाही. आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे कितीतरी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोट्रान्झिस्टर आणि एलईडी दोघंबी ते टिपतात. शेजारच्या खांबाचा असा उजेड सेन्सरवर आला की रिले गुणगुणायला लागतो, टकटक नाही, भुंग्यासारखा बारीक आवाज. आवाजावरून हे कारण वेगळं काढता येतं. उपाय म्हणजे सेन्सरच्या रेझिस्टरला पॅरलल कपॅसिटर. १० मेगाओहमला ०.१ मायक्रोफॅरड लावला की एक सेकंदाचा उशीर झाला, १ मायक्रोफॅरड लावला की दहा सेकंद. मी दहाच ठेवतो, वळवाच्या पावसात विजा चमकतात, ट्रॅक्टरचा हेडलाईट येतो, त्यानं लाईट फसत नाही. पण इतक्या मोठ्या रेझिस्टरला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लावू नका, तो स्वतःच गळतो. सिरॅमिक नाहीतर पॉलिस्टर. फोटोट्रान्झिस्टरला रेझिस्टर छोटा असतो, तिथं मात्र ४.७ किंवा १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक चालतो.

तिसरं, सप्लाय. आपल्याकडं सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी चालू झाल्या की डीपीवरचं होल्टेज बसतं, आणि नेमकं संध्याकाळी. स्विचमधे कपॅसिटर टाकून केलेला स्वस्त सप्लाय असतो, रिले ओढला की त्याचे व्होल्ट पडतात, रिले सुटतो, व्होल्ट वर येतात, परत ओढतो. एक वाकडं बोट घालून उजेड झाकला तरी हे चालूच राहतं, म्हणजे सेन्सरचा दोष नाही. असला सप्लाय काढूनच टाका, कारण त्यात सेन्सरच्या पायावरसुद्धा लाईन असते, हात लागला तर झटका नक्की. मोबाईलचा जुना चांगला चार्जर ५ व्होल्टचा घ्या, पुढं ४७० मायक्रोफॅरड टाका. २३० ची वायर रिलेच्या कॉन्टॅक्टवरच, बाकी सगळं तिच्यापासून लांब, आणि काम मेन बंद करूनच करायचं.

हे सगळं धरून जे सर्किट टिकतं ते असं. एलईडीचा कॅथोड ५ व्होल्टला, ॲनोड ४०१०६ च्या एका इनपुटला, त्याच ठिकाणाहून १० मेगाओहम आणि १ मायक्रोफॅरड ग्राऊंडला. २एन३०५५ असंल तर कलेक्टर ५ व्होल्टला, बेस इनपुटला, एमिटर मोकळा. आउटपुटमधून ४.७ के घेऊन बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, त्याचा एमिटर ग्राऊंडला, कलेक्टरवर ५ व्होल्टचा रिले, रिलेच्या कॉईलवर १एन४००७ डायोड उलटा. अंधार झाला की इनपुट खाली, आउटपुट वर, रिले ओढतो. ४०१०६ ५ व्होल्टवर चालवला की साधारण ३ व्होल्टला एकीकडं आणि २ ला दुसरीकडं पलटतो, मधल्या एका व्होल्टच्या फरकामुळं तो काठावर नाचत नाही, हीच गोष्ट एका बीसी५४७ च्या जुन्या सर्किटमधे नसते. राहिलेले पाच इनपुट ग्राऊंडला जोडा, मोकळे सोडले तर आयसी उगीच तापतो आणि गोंधळ घालतो. दिवस मावळायच्या आधीच लाईट लागत असंल तर रेझिस्टर वाढवा नाहीतर एलईडी वाढवा, उशिरा लागत असंल तर उलटं.

आता उन्हाळ्याचं. परभणी-नांदेडकडं मे मधे पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याखालच्या डब्यात ६५ सहज होतं. सिलिकॉनच्या जंक्शनमधून अंधारातबी थोडा करंट गळतो आणि दर १० डिग्रीला तो साधारण दुप्पट होतो, म्हणजे २५ वरून ६५ ला गेलं की सोळापट. २एन३०५५ चा तुकडा मोठा, त्याची गळतीपण मोठी, त्यात १० मेगाओहम लावलेला, मग मावळल्यावरबी तापलेला डबा सेन्सरला दिवसच दाखवतो आणि लाईट रात्री आठ-साडेआठला डबा गार झाला की लागते. "सेन्सर बिघडला" म्हणून जो तो आणून देतो तो गार खोलीत टेबलावर एकदम चांगला चालतो, म्हणून दुरुस्त करणाराबी चक्रावतो. तपासायचं असंल तर सेन्सर काळ्या कापडात गुंडाळा आणि लांबून हेअर ड्रायर मारा, अंधारात असूनबी रिले सुटला तर हेच दुखणं. २एन३०५५ ला रेझिस्टर १ मेगाओहमच्या आसपास ठेवा, त्याला करंट भरपूर असतो, त्याला दहाची गरजच नाही. जर्मेनियमचे जुने एसी१२८ वगैरे तर आपल्या हवेत लावूच नका, गळतीत ते सिलिकॉनचे बाप. आणि लाल एलईडी ह्यात सगळ्यात भारी, त्याच्यातली गळती इतकी कमी की आपला उन्हाळा त्याला कळतच नाही. माझं ऐकाल तर आखाड्यासाठी लाल एलईडी, घराजवळ जिथं लाईटचाच उजेड परत येतो तिथं काळा इन्फ्रारेड, आणि २एन३०५५ पोरांना दाखवायला.

पावसाळ्यातली तक्रार उलटी. १० मेगाओहमच्या जागी बोर्डवर ओल आणि सोल्डरिंगचा फ्लक्स मिळून स्वतःचाच एक रेझिस्टर तयार करतात, कधी प्लसकडून कधी ग्राऊंडकडून, आणि लाईट मनाला येईल तशी वागते. ऊन पडलं की आपोआप नीट. बोर्डची ती बाजू थिनर आणि जुन्या ब्रशनं घासून धुवा, वाळवा, मग बिनरंगाची नेलपॉलिश दोन हात मारा, एलईडीच्या पायावरसुद्धा. डब्याला वायरची भोकं खालच्या अंगाला पाडा आणि वायरला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिच्यावरून आत येत नाही. एलईडीच्या तोंडावर कोळी जाळं करतो, धूळ बसते, ते वर्षातून एकदा पुसलं पाहिजे, लाईट दरवर्षी थोडी थोडी लवकर लागायलीय असं वाटलं तर आधी फडकं घ्या, मीटर नंतर.

काही पार्ट मात्र ह्या कामाला येतच नाहीत आणि त्यावर लोकांची संध्याकाळ वाया जाते. टीव्हीतला तीन पायाचा रिमोट रिसीव्हर दिसतो सेन्सरसारखा, पण तो फक्त ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकणाऱ्या इन्फ्रारेडलाच ओळखतो, उन्हाला तो मोजतच नाही. जळालेल्या ९ वॅटच्या बल्बमधले पांढरे एलईडी, आत निळी चिप आणि वर पिवळा थर, त्यांना निळ्या-जांभळ्याशिवाय काही दिसत नाही आणि तेबी अंधुक. लाल लाईटच्या माऊसमधे तर अख्खा कॅमेराच असतो, त्याचे पाय शोधत बसू नका. डीव्हीडी रायटर उघडला तर लेसरला हात लावू नका, चालू झाला तर डोळा जाईल.

आणि सोलर गार्डन लाईटचं पॅनल जर चांगलं असंल तर सेन्सरसाठी वरचं काहीच करायची गरज नाही. त्या दिव्यात पॅनलच सेन्सर असतं, पॅनलचे व्होल्ट पडले की आतला आयसी लाईट लावतो. ते पॅनल प्लस ४०१०६ च्या इनपुटला, मायनस ग्राऊंडला, पॅरलल १०० के, झालं काम. पॅनल उन्हात ५ व्होल्टच्या वर देत असंल तर मधे १०० के अजून एक सिरीजमधे टाका, आणि २ व्होल्टचं छोटं पॅनल असंल तर दोन सिरीजमधे घ्या, नाहीतर ३ व्होल्ट कधी होणारच नाहीत आणि लाईट दिवसभर जळत राहील.